फार्दस्ट आणि फर्दस्ट: कोर्स घ्याच, पण टेस्टचे मार्क मनावर घेऊ नका

इंग्रजी ग्रामरचा एक रेकॉर्डेड ऑनलाइन कोर्स घेतलाय, त्यातला सुपरलेटिव्हचा, म्हणजे 'सगळ्यात' असं सांगणाऱ्या शब्दरूपांचा, भाग नुकताच संपवला. आधी चांगलं सांगतो, सर शिकवतात फार भारी. टॉल-टॉलर-टॉलेस्टचा तक्ता पाठ करायला न लावता सरळ डोंगर समोर ठेवतात. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट हायेस्ट, ८,८४९ मीटर. पण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे ना, त्यामुळे तिच्या केंद्रापासून सगळ्यात लांबचं टोक इक्वेडोरमधल्या चिंबोराझोचं, म्हणजे ते फार्दस्ट, आणि पार बुडापासून मोजलं तर हवाईचा मौना केआ टॉलेस्ट, त्याचा अर्ध्याहून जास्त भाग पाण्याखाली आहे. कशापासून मोजतोय ते आधी ठरवा मग शब्द निवडा, हे इतकं स्वच्छ कुणी सांगितलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

आता तक्रार. फार्दस्ट (farthest) अंतरासाठी आणि फर्दस्ट (furthest) प्रमाणासाठी, असा कडक नियम इथे शिकवतात आणि टेस्टमध्ये 'नेपच्यून इज द फर्दस्ट प्लॅनेट फ्रॉम द सन' हे वाक्य चूक धरतात. अहो ते चूक नाहीये! ब्रिटिश इंग्रजीत अंतरालाही सर्रास फर्दस्टच म्हणतात, प्रत्यक्ष अंतराला फार्दस्ट ठेवण्याचा आग्रह जास्त करून अमेरिकन लिखाणात दिसतो. मुळात फर्दर हा शब्द फार्दरपेक्षा जुना, फार्दर नंतर आला आणि इंग्रजी 'फार' (far, म्हणजे लांब) या शब्दाशी जोडला गेला, त्यामुळे ही विभागणी भाषेत पहिल्यापासून होती असंही नाही. खरा फरक दुसरीकडे आहे, 'आणखी' या अर्थाने फर्दरच लागतं, फर्दर इन्फर्मेशन म्हणतात, तिथे फार्दर घालून चालत नाही. हे शिकवायला हवं होतं. सपोर्टला सगळं सविस्तर लिहून कळवलं तर उत्तरात तोच नियम परत पाठवला, याचा खरंच राग आला, कारण नवीन शिकणारा माणूस बरोबर वाक्य लिहून मार्क घालवतो आणि पुढे बोलायलाच बिचकतो.

अटमोस्टचा भाग घाईत उरकलाय पण बरोबर आहे. आज तो शब्द बहुतेक प्रमाणासाठीच येतो, अटमोस्ट केअर, अटमोस्ट रिस्पेक्ट वगैरे, अगदी बाहेरच्या कडेला असलेल्या गोष्टीला आउटरमोस्ट म्हणायचं. 'मोस्ट फर्दस्ट' असं डबल करू नका हेही सांगितलंय, ही चूक फार लोक करतात.

एकंदर पाचात साडेतीन. व्हिडिओंसाठी कोर्स घ्याच, डोंगरांचा धडा तर दोनदा बघा. नेपच्यूनच्या प्रश्नाला मात्र त्यांनी एकतर दोन्ही उत्तरं बरोबर धरावीत नाहीतर प्रश्नातच लिहावं की ब्रिटिश इंग्रजी हवंय का अमेरिकन.