द्विभाषिक माध्यमिक शाळा : दोन सत्रांच्या वापरानंतर

आठवी ते दहावी गणित-विज्ञान इंग्रजीतून, इतिहास-भूगोल मराठीतून आणि दोन्ही भाषा स्वतंत्र विषय म्हणून. ही विभागणी दोन सत्रं राबवून झाली आणि ती मनापासून पटली आहे. मात्र कुठल्या वेळी कुठली भाषा, हे वर्गात जाण्याआधीच ठरलेलं हवं.

सुरुवातीला सगळीकडे एकच चूक होते. वाक्य इंग्रजीत म्हणायचं आणि लगेच मराठीत सांगायचं. पुन्हा मराठीत कळणारच आहे म्हटल्यावर मुलं पहिलं वाक्य ऐकतच नाहीत. त्यापेक्षा ४० मिनिटांच्या तासिकेत पहिली ५ मिनिटं मराठीत कल्पना मांडावी, पुढची ३० इंग्रजीत शिकवावं आणि शेवटच्या ५ मिनिटांत मुलांनी मराठीत सांगावं. एका भाषेत वाचायचं-ऐकायचं, दुसरीत बोलायचं-लिहायचं, हे वेल्समध्ये शिक्षणतज्ज्ञ केन विल्यम्स यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं. ही त्यातलीच रीत.

गणितात भाषा कशी आडवी येते ते ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’मध्ये दिसतं. मुलं ऐकलं त्याच क्रमाने ५ − क्ष लिहून मोकळी होतात. मराठीत ‘क्षपेक्षा ५ने कमी’ म्हटलं की क्ष − ५ आपसूक येतं. म्हणजे गणित पक्कं आहे, वाक्य उलटं पडलंय. दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहून बाणांनी जोडली की गोंधळ सुटतो. ‘पॉवर’चंही तसंच: गणितात घात, भौतिकशास्त्रात शक्ती. शब्दसूची विषयवारच ठेवा, एका घटकाला ८-१० शब्द पुरेत. ४० शब्दांची यादी वहीत उतरते, तोंडात येत नाही.

विज्ञानाच्या पेपरात स्पेलिंगचे गुण कापू नका. उत्तर कच्चं वाटलं तर तोच प्रश्न मराठीत तोंडी विचारा. अडचण विषयाची की भाषेची, लगेच कळतं. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा वेगळ्या केल्या. त्यांच्या मांडणीनुसार पहिली साधारण २ वर्षांत येते, दुसरीला ५ ते ७ लागतात. मधल्या सुट्टीत फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलगी ‘कारणे द्या’ला का अडते, ते इथे समजतं.

व्यवस्थेतला सर्वांत नाजूक भाग म्हणजे विषयशिक्षक आणि भाषाशिक्षकांची आठवड्यातली एकत्र नियोजनाची तासिका. कुणी रजेवर गेलं की ऑफ तासासाठी पहिला बळी तिचाच. मग इंग्रजीत कार्यकारण सांगणारी वाक्यरचना शिकवली जाते, तोवर विज्ञानातला तो घटक होऊन महिना उलटलेला असतो. वेळापत्रक करताना ही तासिका आधी मांडा, बाकीच्या नंतर बसवा.

एक तक्रार अजून कायम आहे. सूचनाफलक, प्रयोगशाळेतल्या पाट्या, बक्षिसाची भाषणं सगळी इंग्रजीत. कुठल्या भाषेला मान आहे, हे मुलं बरोबर ओळखतात आणि इतिहासाची वही आपोआप पातळ होते. निदान प्रयोगवहीतला निष्कर्ष दोन्ही भाषांत लिहून घ्या आणि इतिहासाच्या प्रकल्पाला विज्ञानाच्या प्रकल्पाइतकेच गुण ठेवा.