घोडबंदर रोडखालच्या पाण्याच्या मोरीत स्वस्त ट्रेल कॅमेरा: घ्यावा का?

ट्रेल कॅमेरा म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारी पेटी. ऑनलाइन आठ-दहा हजारांत मिळणारे असे कॅमेरे चार-पाच नावांनी विकले जातात, आतला माल बहुतेक सारखाच. आठ पेन्सिल सेल, पट्टा, आणि समोर रात्री डोळ्यांना न दिसणारे 940 नॅनोमीटरचे दिवे. इथे तो एकाच कामासाठी तपासला आहे: रस्त्याने तोडलेल्या जंगलात जनावर या तुकड्यातून त्या तुकड्यात जातं का, हे तो सांगतो का?

ठाण्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं, तीन बाजूंनी वस्तीने वेढलेलं. वाट उरते ती उत्तरेची, वसईच्या खाडीकडची: उद्यानाचाच तुकडा असलेला नागला ब्लॉक आणि त्याच्या पुढे तुंगारेश्वर अभयारण्य. त्यातही नागला घोडबंदर रोडने उद्यानापासून तुटलेला. 2009 मध्ये माळशेज घाटात ठावठिकाणा कळवणारी कॉलर घालून सोडलेला ‘आजोबा’ बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या जंगलापर्यंत आला आणि 2011 मध्ये महामार्गावर गाडीच्या धडकेत गेला. म्हणजे जनावर चालायला तयार असतं, अडतं ते डांबरावर.

पेटीवर ट्रिगर 0.3 सेकंद छापलेला असतो. तो दिवसाचा. रात्री सेन्सर जागा होऊन फोटो निघेपर्यंत सेकंदभर सहज जातो, तेवढ्यात बिबट्या मीटरभर पुढे सरकलेला असतो आणि फ्रेममध्ये नुसती शेपटी उरते. त्यात सेन्सर आडवी हालचाल चांगली पकडतो, समोरून येणारी उशिरा. म्हणून कॅमेरा मोरीच्या नळीकडे तोंड करून लावू नका. तोंडाशी बाजूला, वाटेशी साधारण 45 अंशांत, जमिनीपासून 40-45 सेंटीमीटरवर बसवा. साळिंदर, मुंगूस, उदमांजर हवं असेल तर आणखी खाली. एका वेळी तीन फोटो, मधली विश्रांती शून्य. व्हिडिओ बंदच ठेवा, सेल खातो.

अरुंद मोरीत दिव्यांचा उजेड भिंतीवरून उलटतो आणि अंगावरचे ठिपके पांढरे पडतात. मेनूत फ्लॅश कमी करायची सोय नसेल तर औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी अर्ध्या दिव्यांवर लावा. सेन्सरची भिंगाची जाळी मात्र झाकू नका.

सगळ्यात फसवा दोष सेलचा. सेलचं व्होल्टेज उतरलं की आधी रात्रीचा फ्लॅश मरतो. दिवसाचे फोटो येतच राहतात, रात्रीचे काळे. बघणारा म्हणतो, ‘रात्री इथून काही जात नाही.’ उन्हाळ्यात याच्या उलट. सेन्सर अंगाची उष्णता ओळखतो; हवा अंगाच्या तापमानाला पोचली की त्याला जनावर आणि तापलेलं काँक्रीट यांत फरक कळत नाही. दुपारचं मुंगूस किंवा सांजेचं भेकर निसटतं आणि मोरी रिकामी ठरते. सेल बदलताना घड्याळही काही वेळा कारखान्याच्या तारखेवर जातं. दर वेळी मोरीचं नाव, तारीख, वेळ लिहिलेला कागद समोर धरून एक फोटो घ्या, मग चूक मागाहून दुरुस्त करता येते. जूनच्या आधी कॅमेरा काढून आणा. मोरी मुळात पाण्यासाठी आहे, आणि या पेट्यांच्या रबरी कडा ठाण्याच्या पावसाला टिकत नाहीत. माइकच्या भोकात मुंग्या घर करतात ते वेगळंच.

पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ मार्ग ठेवले, 50 ते 750 मीटर लांबीचे, आणि कॅमेऱ्यांत वाघ त्यांतून जाताना दिसले. आपल्याकडच्या पाण्याच्या मोरीकडून तेवढी अपेक्षा करणं अन्यायच.

बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके वेगळे असतात, म्हणून एका मोरीला दोन कॅमेरे लागतात. ते अगदी समोरासमोर नकोत, थोडे सरकवून, नाहीतर एकमेकांचे दिवे फोटो जाळतात. तोच बिबट्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना ओळखला गेला तर ये-जा सिद्ध झाली. जनुकांची नाही. तरुण नर भटकतोच. पलीकडे त्याची पिल्लं झाली तरच रक्त मिसळलं. ते कळायला ताज्या विष्ठेतला डीएनए लागतो. तिथेही जपून: रस्ता रुंद झाल्याचा परिणाम जनुकांत उमटायला पिढ्या जातात. आज दोन्ही बाजूंची जनुकं सारखी दिसली तर ती जुन्या जोडणीची उरलेली शिल्लक असू शकते.

पाचपैकी साडेतीन. मोजणीला चालतो, पण ‘प्राणी नाहीत’ हा निष्कर्ष या कॅमेऱ्यावरून काढू नये. उद्यानाच्या हद्दीत जायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. कॅमेरा लावायला आणि विष्ठा गोळा करायलाही वनखात्याची लेखी परवानगी घ्या. मोरीचं ठिकाण सोशल मीडियावर टाकू नका. आणि परतीची मुदत संपायच्या आत रात्री पार्किंगमध्ये तीन-चार मीटरवरून आडवं चालून बघा. फोटोत माणूस अर्धाच आला तर तो नग बदलून घ्या.