‘गलिव्हर’ची संपूर्ण, सटीप आवृत्ती : मुलांच्या पुस्तकातून गळालेला स्विफ्ट

माझ्या पिढीतल्या बहुतेक मराठी वाचकांनी गलिव्हर पाहिला तो चित्रे भरपूर आणि मजकूर बेताचा असलेल्या एखाद्या पातळशा पुस्तकात. समुद्रकिनाऱ्यावर उताणा पडलेला, बारीक दोऱ्यांनी जखडलेला माणूस आणि शिड्या लावून त्याच्या अंगावर चढणारी, वीतभरसुद्धा उंची नसलेली माणसे, एवढेच चित्र मनात राहिले होते. दोन महिन्यांपूर्वी डब्लिनचा धर्मगुरू आणि लेखक जोनाथन स्विफ्ट याच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ या चार सफरींच्या ग्रंथाची इंग्रजीतील संपूर्ण, सटीप आवृत्ती मी चारशे रुपयांच्या आत विकत घेतली. ती सावकाश वाचून झाल्यावर मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते की, लहानपणी आमच्या हाती या ग्रंथाची साल आली होती आणि ज्यासाठी तो लिहिला गेला तो गर कोणीतरी आधीच काढून घेतला होता. जगाचे रंजन करण्यापेक्षा जगाला चीड आणणे हा आपल्या सर्व श्रमांचा मुख्य हेतू आहे, असे स्विफ्टने 1725 मध्ये आपला मित्र, कवी अलेक्झांडर पोप याला लिहिले होते. मुलांच्या आवृत्तीत नेमकी ही चीड आणणारी पानेच नसतात.

या आवृत्तीचा पहिला गुण म्हणजे तिने निवडलेला पाठ, म्हणजे मूळ मजकुराचे रूप. ‘गलिव्हर’ 1726 मध्ये लंडनमध्ये लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाला. प्रकाशक बेंजामिन मॉट याला सरकारी रोषाची धास्ती होती आणि म्हणून हस्तलिखितातील बोचरे भाग सौम्य केले गेले. पुढे 1735 मध्ये डब्लिनच्या जॉर्ज फॉकनरने सुधारलेला पाठ छापला, आणि प्रस्तुत आवृत्ती त्यालाच अनुसरते. हा फरक केवळ अभ्यासकांपुरता आहे असे कोणाला वाटेल, म्हणून एकच उदाहरण देतो. पहिल्या सफरीतल्या लिलिपुट या चिमुकल्या माणसांच्या देशाचा सम्राट हातात काठी आडवी धरतो, उमेदवार दरबारी कधी तिच्यावरून उडी मारतात, कधी तिच्याखालून सरपटत जातात, आणि जो हे सर्वांत चपळाईने आणि सर्वांत जास्त वेळ करील त्याला कमरेला गुंडाळण्यासाठी रेशमाचा धागा बक्षीस मिळतो. 1726 च्या छपाईत हे धागे जांभळा, पिवळा आणि पांढरा असे आहेत, म्हणजे कोणालाच न झोंबणारे. फॉकनरच्या पाठात ते निळा, तांबडा आणि हिरवा असे आहेत, आणि टीप सांगते की हे ब्रिटनमधील गार्टर, बाथ आणि थिसल या तीन मानाच्या किताबांचे रंग होत. तेव्हाचा पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल याला बाथचा किताब 1725 मध्ये आणि गार्टरचा 1726 मध्ये मिळाला होता. तीन रंग बदलले की तोच परिच्छेद परीकथा होतो आणि तीन रंग परत आणले की तो राज्यकर्त्यांवरचा आरोप होतो.

लिलिपुटच्या भागात अशा जागा पानोपानी आहेत. तेथे दरबारातील मोठी पदे दोरीवर नाचण्याच्या कौशल्यावर मिळतात. खजिनदार फ्लिमनॅप इतर कोणाहीपेक्षा निदान एक इंच उंच उडू शकतो, आणि एकदा तो पडला तेव्हा राजाची एक उशी खाली होती म्हणून त्याची मान वाचली. अंडे जाड टोकाकडून फोडायचे की निमुळत्या टोकाकडून या वादापायी अकरा हजार माणसांनी मरण पत्करले आहे, आणि त्यांच्या धर्मग्रंथात मात्र एवढेच लिहिले आहे की खऱ्या श्रद्धावंतांनी आपले अंडे सोयीच्या टोकाकडून फोडावे. अंड्याचा वाद मुलांच्या पुस्तकांतही बहुधा असतो, पण हे धर्मवचन मला कोठे आढळले नव्हते, आणि सगळा डंख तर त्या वचनात आहे.

राजवाड्याच्या आगीचा प्रसंग घ्या. मूळ ग्रंथात राणीच्या महालाला लागलेली आग गलिव्हर लघवी करून विझवतो. वाड्याच्या आवारात लघवी करणे हा तेथे देहदंडाचा गुन्हा आहे, आणि पुढे त्याच्यावर ठेवलेल्या आरोपपत्रात हेच कलम येते. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात तो टोपीत पाणी भरून आणतो. शिष्टाचार पाळला गेला हे मान्य, पण ज्याने महाल वाचवला त्याच्यावर दरबार का उलटला याचा दुवाच तुटला. मग पुढचे ते भयंकर पानही येत नाही, जेथे सम्राट दयाळूपणे ठरवतो की गलिव्हरला ठार न मारता त्याचे फक्त डोळे काढावेत. त्या देशात राजाच्या दयेची स्तुती जाहीर झाली की लोकांच्या अंगावर काटा येतो, कारण स्तुती जितकी लांब तितकी शिक्षा अमानुष आणि तितकाच आरोपी निर्दोष असतो, असे गलिव्हर सांगतो. हे तो संतापून सांगत नाही. कापडाची लांबी सांगावी तसा मोजून-मापून सांगतो, आणि संताप वाचकावर सोपवतो. स्विफ्टच्या उपहासाची सारी ताकद या साध्या, प्रामाणिक, सूचक शेरे न मारणाऱ्या निवेदकात आहे.

दुसऱ्या सफरीला निघालेले जहाज आपल्या सुरतेला यायचे असते, हे मला या आवृत्तीतच प्रथम कळले. ते भरकटून राक्षसांच्या ब्रॉब्डिंगनॅग देशाला लागते. तेथील राजा गलिव्हरकडून इंग्लंडच्या कारभाराची हकिगत पाच बैठकांत ऐकून घेतो, टिपणे काढतो, साधे-साधे प्रश्न विचारतो, आणि तुमच्या देशबांधवांपैकी बहुसंख्य लोक म्हणजे पृथ्वीवर सरपटणारे अत्यंत घातकी, क्षुद्र किडे आहेत असा निष्कर्ष काढतो. गलिव्हर त्याला खूश करण्यासाठी तोफेच्या दारूची कृती देऊ करतो, तेव्हा राजा शहारतो. जेथे एक कणीस येत होते तेथे दोन आणून दाखवणारा माणूस साऱ्या राजकारण्यांच्या जमातीपेक्षा देशाची अधिक सेवा करतो, असे या राजाचे मत आहे.

तिसरी सफर मला सैल वाटली. काकडीतून सूर्यप्रकाश काढण्याच्या खटपटीत आठ वर्षे घालवलेला संशोधक लक्षात राहतो, पण एकामागून एक प्रयोग येत राहतात आणि धार बोथट होते. मात्र या आवृत्तीत लिंडालिनो शहराच्या बंडाचा मजकूर आहे, जो फॉकनरनेही छापला नव्हता आणि जो 1899 मध्ये प्रथम छापला गेला. डोक्यावर तरंगणारे बेट आणून शहरे चिरडण्याची धमकी देणाऱ्या राजाला हे शहर दाद देत नाही. लिंडालिनो म्हणजे डब्लिन, आणि या बंडामागे खरी घटना आहे. विल्यम वुड या इंग्रज व्यापाऱ्याला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडण्याचा मक्ता मिळाला होता. त्याविरुद्ध स्विफ्टने 1724 मध्ये एका कापडविक्याच्या नावाने पत्रे लिहिली, लेखकाचे नाव सांगणाऱ्यास 300 पौंडांचे बक्षीस जाहीर झाले, कोणी सांगितले नाही, आणि पुढच्या वर्षी मक्ता रद्द झाला. हा सारा संदर्भ टीपेत आठ-दहा ओळींत दिला आहे आणि तेवढा पुरतो.

चौथ्या सफरीसाठी मात्र ही आवृत्ती घ्यावीच. येथे विवेकी घोड्यांचा देश आहे, आणि त्यांच्या भाषेत ‘खोटे’ याला शब्द नाही. ‘जे नाही ते बोलणे’ असे त्यांना म्हणावे लागते. अशा श्रोत्याला गलिव्हर वकिली म्हणजे काय हे समजावतो. शेजाऱ्याच्या मनात माझी गाय भरली, तर ती त्यालाच मिळायला हवी हे सिद्ध करायला तो वकील लावतो, आणि मग मलाही लावावा लागतो. गाईवर शेजाऱ्याचा हक्क कोणता, हे कोणी विचारत नाही. गाय तांबडी की काळी, शिंगे लांब की आखूड, ती चरते ते रान गोल की चौकोनी, तिची धार घरी काढतात की बाहेर, यावर खल होतो, पूर्वीचे निवाडे पाहिले जातात, तारखा पडत जातात आणि दहा, वीस किंवा तीस वर्षांनी निकाल लागतो. गावाकडच्या बांधाच्या दाव्यात वडिलांनी एकोणीस वर्षे तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. हा उतारा मी त्यांना मराठीत सांगितला, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, “आणि तोवर गाईला वैरण कोण घालत होतं?” तीनशे वर्षांपूर्वीच्या एका डब्लिनच्या धर्मगुरूने लिहिलेल्या ओळींनी हा प्रश्न वडिलांच्या तोंडून काढला, याचे मोल मला कोणत्याही प्रस्तावनेपेक्षा मोठे वाटते.

याच भागात एक परिच्छेद असा आहे की मराठी वाचकाने त्यावर थांबलेच पाहिजे. या आदर्श घोड्यांत पांढरे, तांबूस आणि लोखंडी करड्या रंगाचे घोडे जन्मतःच कमी बुद्धीचे मानले जातात, ते कायम चाकरीत राहतात आणि आपल्या रंगाबाहेर जोडीदार शोधण्याचे मनातही आणत नाहीत, कारण तसे करणे तेथे अनैसर्गिक समजले जाते. गलिव्हर हे कौतुकाने सांगतो. त्याच घोड्यांची महासभा ‘याहू’ म्हणजे माणसासारख्या प्राण्यांना पृथ्वीवरून नाहीसे करावे की नाही यावर शांतपणे चर्चा करते. स्विफ्टला हा देश खरोखर आदर्श वाटत होता की त्या विवेकाचे थंडपण त्याला दाखवायचे होते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. जात म्हणजे काय हे घरात, गावात आणि लग्नाच्या बोलणीत पाहिलेल्या माझ्यासारख्याला दुसरे उत्तरच पटते. या परिच्छेदाला संपादकाने एक ओळीचीही टीप देऊ नये, ही मला या आवृत्तीतली सर्वांत मोठी उणीव वाटते.

इतर उणिवा किरकोळ आहेत. टिपा पुस्तकाच्या शेवटी आणि फार बारीक टाइपात आहेत, त्यामुळे दोन खुणा ठेवून वाचावे लागते. प्रस्तावना लांबलचक आहे आणि शेवट आधीच सांगून टाकते, म्हणून ती ग्रंथ वाचून झाल्यावर वाचावी. माझ्या प्रतीची पाने तिसऱ्या भागाजवळ सुटू लागली आहेत. इंग्रजी जुने असले तरी दहावी-बारावीपर्यंत इंग्रजी वाचलेल्याला शब्दकोश जवळ ठेवून जमेल, कारण निवेदक दर्यावर्दी डॉक्टर आहे आणि स्वच्छ लिहितो. एकदम सुरुवातीपासून जाण्याचा धीर नसेल त्यांनी दुसऱ्या सफरीचे सहावे आणि सातवे प्रकरण आणि चौथ्या सफरीचे पाचवे प्रकरण आधी वाचावे. घरात मुलांची जुनी प्रत असेल तर ती आगीच्या प्रसंगाशी उघडून शेजारी ठेवावी. मी तसे माझ्या अकरावीतल्या भाचीसोबत केले, आणि आता संपूर्ण प्रत तिच्याकडे आहे.