आईसाठी गायलेला रिंगो

'सेंटिमेंटल जर्नी' ही बीटल्स बँडचा ड्रमर रिंगो स्टार याची १९७०ची रेकॉर्ड. बीटल्स फुटायच्या बेतात होते आणि या पठ्ठ्याने काय केलं, तर आईला आवडणारी जुनी गाणी गायली! गाणी १२, प्रत्येकाचा अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ बांधणारा, वेगळा. 'स्टारडस्ट' बीटल्समधल्याच पॉल मॅकार्टनीकडे, एक क्विन्सी जोन्सकडे. निर्माता अर्थात बीटल्सचाच, जॉर्ज मार्टिन.

गळा बेताचाच, उगाच का लपवा. वरचा सूर घेताना टाचा उंचावून फळीवरचा डबा काढल्यासारखं वाटतं. 'नाइट अँड डे'मध्ये ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) असा अंगावर येतो की बिचारा झाकूनच जातो. आमच्या मातोश्री स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "हा कोण रे, लग्नात माइक न सोडणारा काका?" अगदी तसाच! पण त्या काकाला गाणं मनापासून आवडतं, हे कळतं. 'बी जीज'वाल्या मॉरिस गिबने बांधलेल्या 'बाय बाय ब्लॅकबर्ड'मध्ये तर तो मस्त रमलाय.

कव्हर मात्र पैसे वसूल. लिव्हरपूलच्या डिंगलमधला, त्याच्या जुन्या घराजवळचा एम्प्रेस पब आणि खिडक्यांत चिकटवलेले त्याचे नातेवाईक. माझी प्रत सेकंडहँड, दुसऱ्या बाजूला सुरुवातीलाच खरखर. तरी रविवारी दुपारी जेवण झाल्यावर हीच लागते.