शालिमारजवळचं जुन्या पुस्तकांचं दुकान

गाडी लावायला जागा नाही, आत पंखा नाही, तरी जाच. मला तिथे अमेरिकेतल्या मेरीलँड या जुन्या इंग्रज वसाहतीच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक दीडशेला मिळालं. वसाहतीचा मालक कॅथलिक, वस्तीत प्रोटेस्टंट जास्त. म्हणून १६४९चा कायदा: शेजाऱ्याला ‘प्युरिटन’, ‘जेझुइट’, ‘ल्युथरन’ अशा ख्रिस्ती पंथा-संघांच्या नावांनी हिणवलं तर १० शिलिंग दंड, ऐपत नसेल तर चारचौघांत फटके! (आमच्या सोसायटीच्या ग्रुपला हाच लावावा.) १६५४मध्ये सत्ता हातात येताच प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांनी, तो मोडीत काढला, पुढच्याच वर्षी तिथल्या सेव्हर्न नदीकाठी त्यांची मालकाच्या माणसांशी लढाई. नेमकी त्यापुढची पानं वाळवीने खाल्लेली. दुकानदार काकांनी कुरकुर न करता तीस रुपये परत दिले. घासाघीस मात्र करू नका, चिडतात.