'पावती केस संपल्यावर मिळते' असं कुणी म्हणालं, तर एक रुपयाही देऊ नका

रस्ता अपघाताच्या गुन्ह्यात अटक झालेल्या टेम्पोचालकाला सोडवायचं म्हणून आमच्या घरातून 61,500 रुपये गेले. 'वकीलसाहेबांशी गाठ घालून देतो' याचे 3,000. वकीलफी 15,000. पोलिसांचा 'से', म्हणजे जामिनावरचं लेखी म्हणणं, लवकर आणायला 6,500. जामीनदार उभा करायला 12,000. आणि 'जामिनाची रक्कम कोर्टात भरायला' 25,000. यातला एक रुपयाही कोर्टात जमा झाला नाही. घेणारा माणूस वकील नव्हताच. पांढरा शर्ट, काळी पँट, हातात फायली, आणि ठाणे अंमलदारापासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना नावानं हाक मारणारा. अशा माणसावर रात्री अकरा वाजता पोलीस ठाण्याबाहेर उभं असलेलं कुठलंही कुटुंब विश्वास ठेवेल. शिकलेलंही ठेवेल.

सगळी फसवणूक कलमांच्या आकड्यांवर उभी होती. एफआयआरमध्ये होती भारतीय न्याय संहितेची 106(1) आणि 281. निष्काळजीपणामुळे मृत्यू, आणि बेदरकार वाहन चालवणं. दोन्ही जामीनपात्र. 106(1) ला शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे, तरीही ते जामीनपात्रच आहे. जामीनपात्र म्हणजे जामीन हा हक्क, कुणाची मेहरबानी नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 478 प्रमाणे खुद्द ठाणे प्रभारी जामीनकतबा (तारखेला हजर राहण्याची लेखी हमी) लिहून घेऊन सोडू शकतात, कोर्टापर्यंत जायचीही गरज नसते. त्या माणसानं मात्र सांगितलं, "माणूस मेलाय, दहा वर्षांचं कलम लागलंय, हायकोर्टाशिवाय सुटका नाही." दहा वर्षांचं कलम म्हणजे 106(2), अपघात करून पळून जाणाऱ्यांसाठीचं. त्याविरुद्ध जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी संप केला होता. 1 जुलै 2024 ला न्याय संहिता लागू झाली ती हे पोटकलम वगळून. पण त्या संपामुळे 'दहा वर्षं' हे शब्द प्रत्येक ड्रायव्हरच्या घरात पोचलेत, आणि दलाल नेमकी तीच भीती विकतात.

म्हणून पहिलं काम, एफआयआरची प्रत हातात घ्या. फिर्यादीला ती मोफत मिळते. आरोपीच्या नातेवाइकांना महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून बहुतेक गुन्ह्यांची उतरवून घेता येते. कलमांचे आकडे स्वतः वाचा. 106 असेल तर कंसातला आकडा बघा. 105 असेल तर गोष्ट वेगळी. तो सदोष मनुष्यवध, अजामीनपात्र, तिथे वकील लागणारच.

आता 'से'. अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन अर्जावर सरकारी वकील आणि तपासी अधिकाऱ्यांचं म्हणणं मागवतात, त्याला कोर्टाच्या भाषेत 'से' म्हणतात. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन द्यायचा की नाही हा प्रश्नच नसतो, मग म्हणणं कशावर मागवणार? 6,500 रुपये अस्तित्वात नसलेल्या कागदाचे घेतले.

सगळ्यात जास्त जळफळाट होतो तो त्या 25,000 चा. कोर्टाचा आदेश होता '15,000 रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार'. याचा अर्थ 15,000 रुपये भरणं नव्हे. आरोपी लिहून देतो की तारखेला हजर राहिलो नाही तर एवढी रक्कम भरीन, जामीनदार तेच लिहून देतो. रोकड कुठेही लागत नाही. रोख जामीन हा वेगळा प्रकार. तिथे आदेशात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, पैसे कोर्टाच्या नाझर विभागात जातात, आणि पावती तिथल्या तिथे मिळते. केस संपल्यावर परत मिळतात ते पैसे, आणि तेसुद्धा ती पावती अर्जाला जोडल्यावर! "पावती केस संपल्यावर मिळते," हे वाक्य त्यानं अगदी सहज टाकलं. सगळा खोटेपणा त्या एका वाक्यात उघडा पडला होता. पण आत माणूस अडकलेला असताना नाझर काय आणि मुचलका काय, हे सामान्य माणसाला कोण सांगणार? शाळेत शिकवत नाहीत, ठाण्याच्या भिंतीवर लिहिलेलं नसतं.

वकील खरा की खोटा, हे दोन मिनिटांत कळतं. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक विचारा, नोंदणीचं वर्ष त्यातच असतं. वकीलपत्रावर आरोपीची सही घेतात आणि वकिलाचं नाव, सही, क्रमांक असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. ठाण्याबाहेर येऊन स्वतःहून अशील शोधणारा माणूस, मग तो वकील असो वा कारकून, नियम मोडतोय. 'काम झालं तर अजून वीस हजार' असं निकालावर ठरवलेलं मानधन घ्यायलाही वकिलाला बंदी आहे. फी थेट वकिलाच्या खात्यावर, मध्यस्थाच्या फोनवर नाही.

आणि हे कुणीच सांगितलं नाही, म्हणून ठळक सांगतो: कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असतं, अनेक जिल्ह्यांत आरोपींना मोफत वकील देणारं लोक अभिरक्षक कार्यालयही सुरू झालंय. फोन 15100.

12,000 चा जामीनदार हा तर पुढचा सापळा. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन कुणासाठीही उभी राहणारी माणसं असतात. सातबारा दुसऱ्याचा, आधार बनावट. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 486 प्रमाणे जामीनदाराला आधी किती जणांचा जामीन घेतलाय हे कोर्टासमोर जाहीर करावं लागतं, ही माणसं ते लपवतात. उघडकीस आलं की धावपळ आरोपीच्या घरच्यांची. खरा जामीनदार फुकट मिळतो: भाऊ, मेहुणा, मालक. आधार, फोटो, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, नोकरदार असेल तर पगारपत्रक आणि ओळखपत्र. काही कोर्टं तहसीलदारांचा ऐपत दाखला मागतात. 'परजिल्ह्यातला चालत नाही' हेही झूट. मोतीराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्येच हे निकालात काढलंय. कुणीच मिळाला नाही, तर जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता न येणाऱ्याला निर्धन मानून नुसत्या जातमुचलक्यावर सोडायचं असतं, हे 478 मध्येच लिहिलंय.

आता तक्रारीचं. ठाण्यात उत्तर मिळालं, "तुम्ही स्वतःहून दिलेत, हा आपसातला व्यवहार." त्याच आवारात, त्यांच्याच समोर पैसे घेतले जातात आणि हा आपसातला व्यवहार! कोर्टाच्या कार्यालयात म्हणाले, आमच्याकडे रक्कम आलेलीच नाही, आमचा संबंध नाही. वकील संघटना म्हणाली, तो आमचा सदस्य नाही. बार कौन्सिल फक्त वकिलांविरुद्धची तक्रार घेते. म्हणजे वकील नसणं हेच त्याचं संरक्षण ठरलं. दलालांच्या याद्या लावण्याचा अधिकार न्यायालयांना आहे. 2023 च्या दुरुस्तीनं तो अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये आला, आणि यादीत नाव असूनही दलाली केली तर शिक्षा काय? तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 61,500 खाणाऱ्याला 500! आणि आम्ही गेलो त्या आवारात अशी यादी कुठेही लावलेली नव्हती. प्रत्येक ठाण्यात पोस्टरं भरपूर; जामीनपात्र कलमांचा एक फलक आणि 15100 हा आकडा दर्शनी भागात लावायला किती खर्च येतो?

ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालानं लेखी पाठवा, पोच सांभाळा. तिथेही काही झालं नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे 175(3) चा अर्ज. गुन्हा फसवणुकीचा, न्याय संहिता 318(4). यूपीआयनं दिलेल्या रकमांचं बँकेचं विवरणपत्र जोडा, रोखीच्या वेळी हजर असलेल्या माणसाचं नाव लिहा.

भाड्याचा जामीनदार आधीच लागलेला असेल तर गप्प बसू नका. जामीनदार फसवणुकीनं दिला गेला असेल तर कोर्ट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 488 खाली आरोपीला अटक करून आणायला आणि पुरेसा जामीन द्यायला सांगू शकतं, न दिल्यास कोठडी. ती वेळ येण्याआधी वकिलामार्फत नवा, ओळखीचा जामीनदार देण्याचा अर्ज करा आणि त्याची मूळ कागदपत्रं घेऊन पुढच्या तारखेला हजर राहा.