आधी मानधन मिळाले, मग अनामत गेली

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना कुणाला अंदाज बांधावा लागणार नाही. खोट्या मासिकाच्या नावाने मला फसवणाऱ्यांच्या हाती माझ्या खात्यातून २३,९८० रुपये गेले. त्यांनीच मला आरंभी दिलेले ४,००० रुपये वजा केले तर १९,९८० उरतात, आणि लिहून दिलेल्या पाच लेखांचे बुडालेले मानधन २०,००० रुपये. एकूण ३९,९८०. हे नुकसान ज्याचे झाले तो मी इंदूरला लोकमान्य नगरात राहणारा, घरगुती संगणक या विषयावर मासिकांसाठी लिहून पोट भरणारा माणूस आहे, आणि फसवी ईमेल कशी ओळखावी हे मी आजवर निदान तीन वेळा वाचकांना छापून समजावलेले आहे. हसायचे असेल त्यांनी इथेच हसून घ्यावे.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे नेहमीच्या सुरक्षा सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतरचे काही आठवडे आमच्या धंद्यात सुगीचे असतात, कारण ज्यांचा संगणक टीपीएम २.० या सुरक्षा-चिपच्या अटीत बसत नाही आणि म्हणून विंडोज ११ घेत नाही, त्या प्रत्येक घराला आता काय करावे हा प्रश्न पडलेला असतो. नेमक्या त्याच काळात पुण्याच्या एका नावाजलेल्या प्रकाशनसमूहाच्या नावाने मला पत्र आले. नव्या मासिकात घरगुती संगणकाचे सदर, वर्षाला बारा लेख, प्रत्येकी पंधराशे शब्द, लेखामागे ४,००० रुपये. (त्या समूहाचा या प्रकाराशी काही संबंध नव्हता, हे मला पुढे त्यांच्याकडूनच दोन ओळींत कळले.) मराठीत या विषयाला इतका दर मिळत नाही हे मला ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही मला तो दर योग्यच वाटला, कारण स्वतःच्या किमतीबद्दल माणूस शंका घेत नाही.

दुसऱ्या दिवशी संपादक म्हणवणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. बोलणे अगदी सदाशिव पेठेतले. ते म्हणाले, “तुमचे जुने लेख वाचले. इंदूरकडचे मराठी इतके निर्दोष असते याची आम्हाला कल्पना नव्हती.” आमच्याकडच्या मराठी माणसाला हे वाक्य काय करते ते पुण्यामुंबईच्या वाचकांना समजणार नाही. आमच्या बोलण्यात हिंदी डोकावते म्हणून आम्ही तिकडच्या लग्नांत चेष्टा सोसत आलो आहोत. माझी तपासणीची सवय त्या एका वाक्यात गळून पडली.

पहिला लेख अर्थातच विंडोज १० वर होता: जुन्या यंत्रात हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवावी का, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घरातल्या वडीलधाऱ्यांना झेपेल का, आधार संपल्यानंतरच्या वाढीव सुरक्षा सुधारणांचा मार्ग कुणी घ्यावा. सिल्व्हर मॉलमध्ये आणि जेल रोडवर फिरून मी सुट्या भागांचे भाव विचारून आलो. लेख पाठवला आणि दोन दिवसांत ४,००० रुपये जमा झाले.

खरे तर मला इथेच कळायला हवे होते, आणि या क्षणाबद्दल मी स्वतःला आजही क्षमा करू शकलेलो नाही. मासिक दोन दिवसांत मानधन देते? लेख छापून येतो, बिल मागवले जाते, ते हिशेब विभागात हरवते, पुन्हा मागवले जाते आणि मग दोन-तीन महिन्यांनी कंपनीच्या चालू खात्यातून पैसे येतात, हा माझा एकोणीस वर्षांचा अनुभव आहे. हे पैसे अंक निघण्याआधी, बिल न मागता, एका व्यक्तीच्या नावाच्या खात्यातून यूपीआयने आले होते. मी ते नाव वाचले आणि मनाशी म्हणालो की लेखापालाचे असेल. करकपात झालेली नाही हेही लक्षात आले होते, पण व्यावसायिक मानधनावरील कपातीची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,००० झालेली आहे आणि माझे बारा लेख ४८,००० चे होते, त्यामुळे तो हिशेब बिनचूक जुळला. चोराने हा आकडा जाणून निवडला असेल, तर त्याला आयकर माझ्यापेक्षा अधिक कळतो.

लेखांसाठी त्यांनी पाठवलेल्या मागणीपत्रावर जीएसटी क्रमांकही होता. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचा २७, आमच्या मध्य प्रदेशचा २३. पत्ता पुण्याचा आणि क्रमांक २४ ने सुरू होणारा, म्हणजे गुजरातचा. पुढच्या दहा अक्षरांत पॅन असतो आणि पॅनचे चौथे अक्षर कंपनीला सी, व्यक्तीला पी असे ठरलेले असते. इथे पी होते. हे सारे मला येते. मी ते पाहिलेच नाही, कारण मी रकमेचा रकाना वाचत होतो. तुम्ही क्रमांक आधी वाचा. ईमेलच्या पत्त्यातल्या संकेतनामाची (डोमेनची) नोंदणी कधीची आहे हे पाहायला अर्धे मिनिट पुरते. मी ते पुढे सगळे उरकल्यावर पाहिले, तेव्हा मला आलेल्या पहिल्या पत्राच्या केवळ नऊ दिवस आधीची निघाली, आणि खऱ्या समूहाच्या नावात नसलेली एक आडवी रेघ त्यात होती.

त्यानंतर वर्ष संपेपर्यंत मी आणखी पाच लेख दिले. वायफायचा राउटर घरात कुठे ठेवावा, डेस्कटॉपला यूपीएस किती क्षमतेचा लागतो, मुलांसाठी वेगळे खाते कसे करावे, असे साधे पण मेहनतीचे लेख होते. आता मानधन तिमाहीच्या शेवटी एकदम मिळेल असे त्यांनी कळवले, आणि उशीर होतो आहे म्हटल्यावर तर मला ते मासिक अधिकच खरे वाटू लागले.

जानेवारीत समीक्षेसाठी ७४,००० रुपयांचा लॅपटॉप पाठवतो असा निरोप आला. परत करायचा असल्याने किमतीच्या २५ टक्के, म्हणजे १८,५०० रुपये अनामत भरायची होती. समीक्षेचे यंत्र कंपनी उसने देते, पोचपावतीवर सही घेते आणि महिन्याभरात परत नेते. अनामत मी कधी भरलेली नाही आणि कुणी भरल्याचे ऐकलेले नाही. पत्नीने चहा ठेवता ठेवता एवढेच विचारले, “अहो, पैसे त्यांनी तुम्हाला द्यायचे आहेत की तुम्ही त्यांना?” मी तिला समजावले की मोठ्या समूहांची पद्धत वेगळी असते. त्याच संध्याकाळी क्यूआर संकेत वापरून पैसे भरले. पडद्यावर पुन्हा एका व्यक्तीचे नाव होते, पहिल्यापेक्षा निराळे. पिन आपण देण्यासाठी टाकतो, घेण्यासाठी नव्हे, हे सांगणारा माणूस मीच.

दुसऱ्या दिवशी अनामतीवर १८ टक्के जीएसटी, ३,३३० रुपये. परत मिळणाऱ्या अनामतीवर जीएसटी लागत नाही. तरी भरला. तिसऱ्या दिवशी मालवाहतुकीच्या ई-वे बिलाचे २,१५०. पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागते हे खरे, पण ते पाठवणारा किंवा वाहतूकदार पोर्टलवर काढतो आणि त्याला शुल्क नसते. तेही भरले, कारण १८,५०० अडकल्यावर २,१५० लहान दिसतात. चौथ्या दिवशी फोन बंद झाला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन त्याच दिवशी केला, पण पैसे गेल्याच्या पहिल्या तासात करायला हवा होता. तरीही शेवटच्या २,१५० पैकी १,९०० रुपये कुठल्याशा दुसऱ्या खात्यात गोठवले गेले आहेत, असे कळते.

बँकेत मी रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक घेऊन गेलो, ज्यात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य धरली आहे. काउंटरवरच्या बाईंनी ते न वाचताच परत दिले आणि म्हणाल्या की हे अनधिकृत व्यवहारांसाठी आहे, पिन तुम्ही स्वतः टाकला. दुर्दैवाने त्या बरोबर होत्या. पण ज्या खात्यात पैसे गेले ते खाते कुणी, कुठल्या कागदांवर उघडले, हे विचारल्यावर ती माहिती गोपनीय असल्याचे उत्तर मिळाले. माझ्या पॅनची गोपनीयता कुणी पाळली? आणि मी तर त्या भामट्यांना आधारची पूर्ण प्रतही पाठवून बसलो होतो, शेवटचे चार अंकच दाखवणारी झाकलेली प्रत सहज मिळत असताना.

पोलीस ठाण्याच्या मी चार खेपा घातल्या. पहिल्या खेपेला सायबर शाखेत जा म्हणाले. तिथे गेलो तर आपल्या ठाण्यात जा म्हणाले. दुसऱ्या खेपेला टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, बंदोबस्तावर होते. तिसऱ्या खेपेला पत्ता पुण्याचा असल्याने गुन्हा पुण्याचा ठरला. मी नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा दाखला दिला, ज्यानुसार गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, तेव्हा समोरचे अंमलदार माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मीच आरोपी. लेखांचे पैसे हा तर दिवाणी मामला, असे त्यांनी परस्पर ठरवले. मग व्यवसाय विचारला आणि सांगितल्यावर म्हणाले, “सर, आप तो खुद कंप्यूटर के लेखक हो।” शेजारच्या टेबलावरचेही हसले. चौथ्या खेपेला सगळ्या पत्रव्यवहाराच्या रंगीत प्रती मागितल्या: ३४ पाने, दर पानाला दहा रुपये, ३४० रुपये. हा खर्च वरच्या हिशेबात धरलेला नाही. ज्या गुन्ह्याचा प्रत्येक पुरावा संगणकात आहे, त्याची तक्रार अजून कागदावर, सुई-दोऱ्याने शिवून द्यावी लागते.

लेखांपैकी दोन मला परवा एका अनोळखी संकेतस्थळावर दुसऱ्याच नावाने दिसले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखी आणि सहीनिशी हक्क सोडल्याशिवाय ते लेखकाचेच राहतात, आणि मी तशी सही सुदैवाने केलेली नाही. त्यांनी मागितली असती तर केली असती. तुमच्यापैकी कुणी लिहीत असेल तर सहीच्या आधी मासिकाचा नोंदणी क्रमांक मागा, मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव छापलेला एखादा जुना अंक टपालाने मागवा, आणि कार्यालयाचा फोन त्यांच्या पत्रातून न घेता स्वतः शोधून लावा.

नव्या मासिकाचे सदर, नऊ-दहा दिवसांचे संकेतनाम आणि समीक्षेच्या लॅपटॉपची अनामत असे पत्र आणखी कुणाला आले असेल, पैसे गेले नसले तरी, तर त्याने आपल्या ठाण्यात नोंद करून क्रमांक मला कळवावा. एकाच तक्रारदारावर प्रकरण पुढे सरकत नाही, असे मला चौथ्या खेपेच्या शेवटी, शिवलेली पाने हातात घेताना सांगण्यात आले आहे.